झांग यिमोउचा ‘हीरो’: समीक्षकांचं एकमत का होत नाही, आणि मंडळात दाखवताना काय सांभाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या चित्रपट मंडळाने झांग यिमोउ यांचा २००२ सालचा ‘हीरो’ दाखवायचं ठरवलंय. निवड समितीतले निम्मे म्हणतात, इतका देखणा तलवारपट दुसरा नाही. निम्मे म्हणतात, हा एका हुकूमशहाचा पोवाडा आहे. परीक्षणं चाळली तर तिथेही हीच फाळणी दिसली. मग बरोबर कोण, आणि प्रयोगानंतरची चर्चा घ्यायची कशी?

बरोबर कोण हे ठरवायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे दोन गट सिनेमाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलतात. वाखाणणारे बुद्धिबळाच्या घरातली झुंज, पिवळ्या पानांचं रान आणि तळं यांविषयी लिहितात. झोडपणारे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांविषयी लिहितात. या दोन भागांना जोडणारी जी रचना आहे, म्हणजे एक माणूस गोष्ट सांगतोय आणि एक राजा ती ऐकून दुरुस्त करतोय, तिच्याकडे दोघांचंही पुरेसं लक्ष जात नाही. मी सिनेमा शिकवते तेव्हा तिथूनच सुरुवात करते, कारण सौंदर्य आणि राजकारण या सिनेमात तिथेच एकमेकांना भेटतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या हाती कोणती प्रत आहे, तिची उपशीर्षकं कोणी केली आहेत, आणि तुमच्या प्रेक्षकांनी आधी चिनी तलवारपट पाहिले आहेत की हा पहिलाच, यावर बरंच ठरतं. पहिलाच असेल तर अर्धं लक्ष दोरांवरच्या, म्हणजे नटांना दोरांनी उचलून घेतलेल्या, उड्यांकडे जातं आणि शेवट कानावरून निघून जातो.

आता रचना. चिनी ‘युद्धमान राज्यांच्या’ काळात सात मोठी राज्यं एकमेकांशी लढत होती. त्यांतलं पश्चिमेचं छिन राज्य बाकीच्यांना गिळत सुटलं होतं. सिनेमात छिनच्या राजाला (चेन दाओमिंग) मारायला तीन मारेकरी टपलेले आहेत: आकाश (डॉनी येन), भग्नखड्ग (टोनी ल्युंग) आणि हिमकन्या (मॅगी चंग). नावं मी मराठीत केली आहेत, म्हणजे चर्चेत अडखळायला होणार नाही. छिनचाच एक सामान्य अधिकारी, ज्याला नावच नाही (जेट ली), तिघांची हत्यारं घेऊन राजवाड्यात येतो. एकेका मारेकऱ्याच्या मोबदल्यात त्याला राजाच्या अधिक जवळ बसता येतं. शेवटी अंतर दहा पावलांवर येतं.

अनामिक पहिली गोष्ट सांगतो ती लाल रंगातली. भग्नखड्ग आणि हिमकन्या यांच्यात मत्सर पेटवला आणि एकाने दुसऱ्याला संपवलं, असा तिचा सार. राजा ती नाकारतो. कारण तीन वर्षांपूर्वी तो त्या दोघांना समोरासमोर भेटलेला आहे आणि ती माणसं इतकी क्षुद्र नाहीत हे त्याला माहीत आहे. मग राजा स्वतः गोष्ट रचतो, ती निळी: त्यांनी तुला माझ्याजवळ पोहोचवण्यासाठी आपणहून प्राण दिले. अनामिक तीही थोडी दुरुस्त करतो आणि खरी गोष्ट पांढऱ्या रंगात सांगतो. तिच्या पोटात भग्नखड्गाची आठवण आहे, ती हिरवी. राजवाड्याची चौकट काळी.

जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’शी तुलना इथे हमखास निघते आणि ती अर्धीच खरी आहे. ‘राशोमोन’मध्ये चार साक्षी असतात आणि खरं काय ते शेवटपर्यंत ठरत नाही. ‘हीरो’मध्ये प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीला खोडून सत्याच्या जवळ जाते. आणि खोडण्याचा अधिकार कोणाकडे? सिंहासनावरच्या माणसाकडे. राजा इथे श्रोता आहे, परीक्षक आहे, आणि एका गोष्टीचा लेखकही आहे. बाकी सगळ्यांना त्याच्यापुढे बसून कथा सांगावी लागते. सत्ता कोणाची हे सिनेमाने शेवटच्या भाषणाच्या कितीतरी आधी, नुसत्या बैठकीच्या मांडणीतून दाखवलेलं आहे. दोघांमध्ये मेणबत्त्यांची रांग आहे. तिच्या ज्योती हलल्या की राजाला समोरच्याच्या मनातला खून कळतो. हा प्रसंग प्रेक्षकांना परत दाखवण्यासारखा आहे.

इतिहासाचा धागाही हाती ठेवा. इ.स.पू. २२७ मध्ये यान राज्याच्या राजपुत्राने चिंग ख नावाच्या माणसाला छिनच्या दरबारात पाठवलं. सोबत एका फितूर सेनापतीचं मुंडकं आणि गुंडाळलेला नकाशा. नकाशा उलगडत गेला तेव्हा शेवटी विषारी खंजीर निघाला. दरबाऱ्यांना शस्त्र बाळगायची मनाई होती, त्यामुळे राजा खांबाभोवती पळत राहिला. वैद्याने औषधाची पिशवी फेकून मारली, तेवढ्यात राजाला लांब तलवार उपसता आली, आणि चिंग ख मारला गेला. ही हकिकत सिमा छियान यांच्या इतिहासग्रंथात मारेकऱ्यांच्या चरित्रांच्या प्रकरणात आहे, आणि चिनी वाचकाच्या मनात चिंग ख हा हरलेला पण मोठा माणूस आहे. पुढे इ.स.पू. २२१ मध्ये छिनने सगळी राज्यं एक केली आणि तो राजा पहिला सम्राट झाला. लिपी, वजनं-मापं, गाड्यांच्या चाकांमधलं अंतर, सगळं एकसारखं केलं. इ.स.पू. २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूमही याच राजवटीत निघाला.

हे प्रेक्षकांना ठाऊक नसलं तर शेवटाला चिनी समीक्षक इतके का चिडले ते समजणार नाही. दोन हजार वर्षं ज्या कथेत मारेकऱ्याचा हात पोहोचत नाही म्हणून हळहळ आहे, तिथे झांग यांनी हात पोहोचवला आणि मारेकऱ्याने स्वतःहून आवरता घेतला असं दाखवलं. कारण? भग्नखड्गाने वाळूत लिहिलेले दोन शब्द: आकाशाखालचं सारं. म्हणजे युद्ध थांबायचं तर कोणीतरी एकाने सगळं एकत्र करायला हवं, आणि ते फक्त हाच राजा करू शकतो.

त्यातही एक बारीक वळण आहे, आणि परीक्षणांत ते सहसा हरवतं. तलवारपटाचा नायक, ज्याला चिनीत ‘शिया’ म्हणतात, तो सत्तेच्या बाहेरचा माणूस. त्याच्या जगाचा जुना दंडक असा, की आपलं मोल ओळखणाऱ्यासाठी प्राण द्यावा. सिमा छियान यांच्या त्याच प्रकरणात यु रांग नावाच्या मारेकऱ्याच्या तोंडी हे येतं. ‘हीरो’त काय होतं? राजा म्हणतो, मला खऱ्या अर्थाने ओळखलं ते ज्याला मी पकडायला माणसं सोडली त्या मारेकऱ्याने. म्हणजे ओळखणाऱ्यासाठी मरायचं हा मारेकऱ्याचा धर्म उलटा फिरून राजाच्या कामी येतो. झांग यांनी परंपरा टाकलेली नाही, तिची दिशा फिरवली आहे. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात शंकास्पद जागा हीच.

आता परीक्षणांकडे वळू. ती वाचताना आधी तारीख पाहा. ‘हीरो’ चीनमध्ये डिसेंबर २००२ मध्ये लागला. त्या वेळचा तो सर्वात महागडा चिनी सिनेमा होता, खर्च सुमारे ३ कोटी डॉलर. आदल्याच वर्षी चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला होता आणि परदेशी सिनेमांना दार जास्त उघडलं होतं. हॉलिवूडपुढे टिकेल असा मोठा देशी सिनेमा हवा, ही गरज सगळ्यांना जाणवत होती. ‘हीरो’ने ती भागवली. सुमारे २५ कोटी युआनचा धंदा करून त्याने देशी सिनेमाचा विक्रम मोडला, चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून सुरुवातीच्या खेळांना प्रेक्षकांची कसून तपासणी झाली, आणि भव्य सिनेमांचं युग सुरू झालं. चिनी समीक्षकांचा राग या संदर्भात वाचायला हवा. त्यांच्या तक्रारी दोन होत्या: गोष्ट पोकळ आहे, आणि ती सत्तेला खूश करणारी आहे. पहिली तक्रार झांग यांच्याबद्दल नवीन होती, दुसरी तर धक्कादायक.

धक्कादायक अशासाठी, की हेच झांग ‘रेड सोरगम’चे दिग्दर्शक, ज्याला १९८८ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं. १९९४ च्या ‘टू लिव्ह’वर चीनमध्ये बंदी आली होती. पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यांना सरकारविरोधी कलावंताच्या चौकटीत बसवलं होतं, आणि झांग यांना ती चौकट जाचत होती. १९९९ मध्ये त्यांनी आपले दोन सिनेमे कान महोत्सवातून काढून घेतले. चिनी सिनेमा म्हटला की तुम्ही एक तर सरकारच्या बाजूचा किंवा विरोधातला एवढंच पाहता, अशी त्यांची तक्रार होती. ‘हीरो’ची परीक्षणं वाचताना ही घटना माहीत असावी. बऱ्याच परीक्षणांत सिनेमापेक्षा दिग्दर्शकाबद्दलचा अपेक्षाभंग जास्त बोलतो.

पश्चिमेत सिनेमा उशिरा पोहोचला. मिरामॅक्स या अमेरिकी वितरण कंपनीने हक्क घेऊन तो जवळपास दोन वर्षं ठेवून दिला. क्वेंटिन टॅरंटिनो यांचं नाव ‘सादरकर्ता’ म्हणून लागलं आणि ऑगस्ट २००४ मध्ये तो अमेरिकेत झळकला. पहिल्याच आठवड्याच्या शेवटी तो तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर होता, आणि एकूण ५ कोटी ३७ लाख डॉलरच्या आसपास कमाई झाली. उपशीर्षकं वाचायला लावणाऱ्या सिनेमासाठी ही फार मोठी गोष्ट. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने छायाचित्रणाचा पुरस्कार ख्रिस्तोफर डॉईल यांना दिला. त्याआधी, २००३ मध्ये, बर्लिनला आल्फ्रेड बाउअर पारितोषिक आणि परभाषेतल्या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन मिळून गेलं होतं. हाँगकाँगच्या पुरस्कारांत तर छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा, हाणामारीची रचना, संगीत अशी कारागिरीची पारितोषिकं याने लुटली, पण सर्वोत्कृष्ट सिनेमा ठरला ‘इन्फर्नल अफेअर्स’. पुरस्कारांची ही वाटणी बोलकी आहे. कारागिरीबद्दल कोणाचं दुमत नव्हतं, एकूण सिनेमाबद्दल होतं.

विरोधी बाजूला जे. होबरमन यांचं ‘व्हिलेज व्हॉइस’मधलं परीक्षण आणि इव्हान्स चॅन यांचा दीर्घ लेख महत्त्वाचे. दोघांनीही फॅसिझम हा शब्द वापरला. प्रचंड सममित दृश्यं, एकाच तालात हलणारे हजारो काळे सैनिक, राष्ट्रासाठी व्यक्तीने विरघळून जाण्याची महती, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांना १९३०-४० च्या दशकांतल्या प्रचारपटांची आठवण होते. हा आरोप हलका समजू नका. आणि २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा झांग यांनीच बसवल्यावर अनेकांनी ‘हीरो’ मागे वळून नव्याने वाचला. म्हणून २००८ नंतर लिहिलेल्या लेखात ‘आम्हाला तेव्हाच कळलं होतं’ असा सूर दिसला तर तो कोणत्या घटनेने आलाय ते तुम्हाला कळेल.

उपशीर्षकांचा मुद्दाही इथेच येतो, कारण वादाचा बराचसा भार त्या वाळूतल्या दोन शब्दांवर आहे. अमेरिकी प्रतीत त्यांचं ‘आपला देश’ अशा अर्थाचं भाषांतर झालं. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला तो सरळ राष्ट्रवाद वाटला. मूळ शब्द जास्त व्यापक आहेत, आणि खरं तर जास्त भीतीदायकही, कारण त्यांना सीमाच नाही. तुमच्या प्रतीत काय लिहिलंय ते आधी पाहून ठेवा आणि चर्चेत एका वाक्यात सांगा. एवढंच पुरे, त्यावर तास घालवू नका.

माझं मत विचाराल तर ते असं. सिनेमा राजाच्या बाजूने झुकतो, हे मान्य करायला हवं. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, एकीकरण झालं, शांतता आली, भिंत बांधली. ग्रंथ जाळल्याचा तिथे उल्लेख नाही. लढाया पाहिल्या तरी, राज्य जिंकलं जाताना सामान्य माणसाचं काय झालं हे फक्त एका ठिकाणी दिसतं: झाओ राज्यातल्या सुलेखनाच्या शाळेवर बाणांचा पाऊस पडतो आणि वृद्ध गुरू विद्यार्थ्यांना जागेवर बसून लिहीत राहायला सांगतात. त्याच प्रसंगात भग्नखड्ग ‘तलवार’ हे अक्षर लिहितो, विसाव्या प्रकाराने, कारण एकोणीस प्रकार आधीच आहेत. आणि हे राजाला कळतं तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया काय? एका अक्षराचे एवढे प्रकार म्हणजे अडचण, सगळं जिंकल्यावर मी एकच ठेवीन. शाळा ज्यासाठी मरायला तयार होती तेच तो पुसायला निघालाय, तेही सहज बोलताना. झांग यांनी हे वाक्य ठेवलं. निव्वळ प्रचारपट करणाऱ्याने ते ठेवलं नसतं.

दुसरी गोष्ट हिमकन्या. राजाला जिवंत ठेवावं हे भग्नखड्गाला पटतं, त्याच्याकडून अनामिकाला पटतं, दासी चंद्रा (झांग झीयी) मालकावरची निष्ठा म्हणून ते पाळते. हिमकन्येला ते कधीच पटत नाही. तिचा बाप झाओचा सेनापती होता आणि छिनशी लढताना मेला. तीन वर्षं ती भग्नखड्गाशी बोलत नाही. शेवटी वाळवंटात ती त्याच्यावर तलवार चालवते, तो वार अडवत नाही, आणि त्याला कवटाळून तीच तलवार ती स्वतःतून आरपार घालते. त्या वेळी ती विचारते, अडवलं का नाहीस.  अनामिकाने राजाला सोडलं, दरबाऱ्यांनी मृत्युदंडाचा घोष केला, कायद्याला बांधलेल्या राजाने हात वर केला, दारावर असंख्य बाण रुतले आणि मधे माणसाच्या आकाराची रिकामी जागा उरली: हे सगळं पाहिल्यावर राजाच्या डोळ्यांतलं पाणी महत्त्वाचं की हिमकन्येचा प्रश्न, यावर प्रत्येक प्रेक्षकाचा कौल वेगळा पडतो. समीक्षकांची फाळणी माझ्या लेखी मुळात इथली आहे.

रंगांबद्दल एक इशारा. चर्चेत कोणीतरी लाल म्हणजे वासना, निळा म्हणजे त्याग असा तक्ता मांडतंच. झांग यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की रंगांना ठरावीक अर्थ दिलेले नाहीत, कथेचे भाग वेगळे ओळखू यावेत म्हणून ते आहेत. तक्त्याऐवजी रंग कसा मिळवला ते सांगा, लोक जास्त नीट पाहतात. कपडे एमी वादा यांचे, ज्यांना कुरोसावांच्या ‘रान’ या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं होतं. पिवळं रान चीनमधल्याच ‘इनर मंगोलिया’ प्रदेशातलं. पानं पिवळी कधी पडतात यावर नजर ठेवायला तिथे माणूस ठेवला होता. वेचलेल्या पानांची प्रतवारी केली होती: नटींच्या चेहऱ्यासमोरून उडवायची ती उत्तम, मागे पडायची ती दुय्यम, जमिनीवर पसरायची ती उरलेली. तळं सिछुआनमधल्या जिउझायगोउचं. त्याचं पाणी सकाळचे मोजके तास आरशासारखं स्थिर असतं, तेवढ्यातच चित्रण करायचं. वाळवंट दुनहुआंगजवळचं, राजवाडा हेंगदिअनच्या चित्रनगरीतला. हाणामारी चिंग सिउ-तुंग यांनी बसवली. दोरांच्या उड्यांचा वेग त्यांनी रंगाप्रमाणे बदलला आहे: लाल भागात घिरट्या आणि झपाटा, निळ्या भागात पाण्यावरून जवळजवळ ध्यानासारखी हालचाल.

आता प्रत्यक्ष प्रयोग. सार्वजनिक खेळाची परवानगी वितरकाकडून लेखी घ्या, घरगुती डिस्क त्यासाठी चालत नाही. आंतरराष्ट्रीय प्रत साधारण ९९ मिनिटांची आहे. त्याहून काही मिनिटं लांब चिनी आवृत्तीही आहे, पण पहिल्या खेळाला ९९ मिनिटांचीच घ्या, कारण उपलब्ध परीक्षणांतली बहुतेक तिच्यावर बेतलेली आहेत. भाषा मँडरिनच ठेवा. इंग्रजीत डब केलेल्या प्रतीत राजा आणि अनामिक यांच्या बोलण्यातले विराम गेले आहेत, आणि हा सिनेमा त्या विरामांवर उभा आहे.

प्रोजेक्टर लावताना क्रम महत्त्वाचा. आधी खोली पूर्ण काळोखी करा. चित्राचा ‘व्हिव्हिड’ प्रकार बंद करून ‘सिनेमा’ निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय प्रत्येक उपकरणात वेगळ्या नावाने असते, ती शोधून बंद करा. ती चालू राहिली तर दोरांवरच्या उड्या स्वस्त मालिकेसारख्या दिसतात आणि संथ गतीची सगळी मेहनत वाया जाते. मग राजवाड्यातला पहिला प्रसंग लावून ब्राइटनेस जुळवा: दरबाऱ्यांचे काळे पोशाख एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत, पण काळा राखाडी होता कामा नये. त्यानंतर वाळवंटातला पांढरा भाग लावून कॉन्ट्रास्ट जुळवा: कापडाच्या चुण्या दिसायला हव्यात, नुसता पांढरा डाग नको. सगळ्यात शेवटी रानातली लाल झुंज लावून रंगाची तीव्रता. लाल बाहीला घड्या दिसत नसतील तर तीव्रता कमी करा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी रंग आणि मग ब्राइटनेस, तर दोन्ही पुन्हा बिघडतात.

चित्राची चौकट रुंद आहे, साधारण २.३५ ला १. सोळा-नऊच्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला झूम करू नका. डॉईल यांनी राजवाडा काटेकोर सममित मांडला आहे आणि कडा कापल्या की ती मांडणी मोडते, होबरमन कशाबद्दल बोलत होते हेही मग दिसत नाही. उपशीर्षकं खालच्या पट्टीत जात असतील तर ती पडद्याबाहेर पडत नाहीत ना, हे आदल्या दिवशी पाहा.

आवाजाचा ताळमेळ अवघड आहे. बाणांचे प्रसंग मोठे, राजवाड्यातलं बोलणं हळू. तान दुन यांच्या संगीतात इत्झाक पर्लमन यांचं व्हायोलिन आणि जपानी कोदो मंडळीचे ढोल आहेत, लहान स्पीकरवर ते ढोल फाटतात. सुलेखनाच्या शाळेवरचा हल्ला लावून आवाजाची वरची मर्यादा ठरवा. मग राजवाड्यात या. बोलणं ऐकू येत नसेल तर एकूण आवाज वाढवण्याऐवजी मधल्या स्पीकरचा वाढवा. दोनच स्पीकर असतील तर ढोलाचा खालचा आवाज थोडा उतरवा.

वेळ असा बांधा: ओळख ७ मिनिटं, सिनेमा, १० मिनिटांची सुट्टी, ४५ मिनिटं चर्चा. एकूण पावणेतीन तासांच्या आत बसतं. ओळखीत तीनच गोष्टी सांगा: सात राज्यं आणि छिन, चिंग खची हकिकत, आणि शिया म्हणजे सत्तेबाहेरचा योद्धा. समीक्षकांचे शब्द आधी सांगू नका. फॅसिझम हा शब्द सिनेमाच्या आधी कानावर पडला की प्रेक्षक त्याचाच पुरावा शोधत बसतात, आणि ‘अप्रतिम’ ऐकलं तर शंका घेत नाहीत.

चर्चा तीन ठिकाणी घसरते. पहिली घसरण आजच्या चीनवरच्या भाषणांची: दहा मिनिटांत सिनेमा बाजूला पडतो. कोणी तिकडे वळलं की त्याला पडद्यावरचा एक प्रसंग दाखवायला सांगा, ज्यावरून ते मत झालं. दुसरी, ‘इतकं सुंदर आहे, राजकारण कशाला’ हे वाक्य. त्यावर मेणबत्त्यांचा प्रसंग परत लावा आणि विचारा की इथे सुंदर काय आहे आणि सत्ता कुठे बसली आहे. दोन्ही उत्तरं एकाच चौकटीत सापडतात. तिसरी, शेवटावर थेट मतदान: राजा योग्य की अयोग्य. त्यातून ज्याचं आधी जे मत होतं तेच बाहेर येतं.

म्हणून सुरुवात हिमकन्येपासून करा. प्रश्न असा ठेवा: तिला कोणी पटवलं, आणि सिनेमाने तिला पटवायचा प्रयत्न कितीसा केला? मग एकोणीस प्रकारांचं राजाचं वाक्य. मग बुद्धिबळाच्या घरातली झुंज, जिथे पावसात, एका वृद्ध वादकाच्या तंतुवाद्यावर, अनामिक आणि आकाश डोळे मिटून मनातच लढतात आणि चित्र कृष्णधवल होतं. प्रत्यक्ष वार न करता लढाई संपू शकते ही कल्पना तिथे आधीच पेरलेली आहे, आणि शेवटी राजा ‘तलवार’ या अक्षरातून तलवारविद्येची जी तिसरी पायरी वाचतो, हातातही तलवार नाही आणि मनातही नाही, ती इथूनच आलेली आहे. हे तीन तुकडे प्रत्येकी चार मिनिटांच्या आत कापून तयार ठेवा. त्यांच्यानंतर होबरमन आणि चॅन यांचे मुद्दे मांडा. तोवर लोकांकडे त्यांना उत्तर द्यायला, किंवा दुजोरा द्यायला, स्वतः पाहिलेलं काहीतरी असतं.

मंडळाला पुढच्या महिन्यात जोडीचा सिनेमा घ्यायचा असेल तर चेन काइग यांचा १९९८ चा ‘द एम्परर अँड द असॅसिन’ घ्या. चिंग खची तीच हकिकत, तोच राजा, पण तिथे तो हळूहळू क्रूर होत जातो, आणि गाँग ली यांची व्यक्तिरेखा त्याच्यापासून दूर जाते. लांबी अडीच तासांहून जास्त आहे, तेव्हा त्या दिवशी चर्चा अर्ध्या तासावर आणा. ‘हीरो’ आधी आणि हा नंतर हाच क्रम ठेवा. उलट केलं तर ‘हीरो’तला राजा पहिल्या दृश्यापासून खलनायक वाटतो, आणि मग झांग यांनी गोष्टीगणिक त्याच्याबद्दलचं आपलं मत कसं बदलत नेलं आहे, ते प्रेक्षकाला अनुभवताच येत नाही.